दोन बोटांचा दरवाजा

दसरूभाऊ उसेंडीनं आयुष्यात एकच सूड उगवला आणि त्यासाठी तो चौदा वर्षं थांबला. शेवटी शेवटी मी त्याला मदत केली, सरकारी कागदावर धडधडीत खोटं लिहिलं, आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. आता नोकरीतून मोकळा झालोय म्हणून हे लिहू शकतो. आमचं ग्रामीण रुग्णालय धानोऱ्याच्या कुठल्या अंगाला होतं ते मात्र सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि ज्या एका माणसानं हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, त्याला पहिल्या पानावरच घाम फुटेल.

मी त्या रुग्णालयात लिपिक होतो. दसरूभाऊ कागदोपत्री सफाई कामगार, प्रत्यक्षात चीरघराचा मालक. सरकारी पाटीवर ‘शवविच्छेदन गृह’ लिहिलं होतं, पण गावात त्याला चीरघरच म्हणत. रुग्णालयाच्या मागं एक टिनाची खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीसमोर मोहाचं झाड. कायद्यानं डॉक्टरनं चिरायचं आणि दसरूभाऊनं हाताखाली राहायचं. आमच्याकडची रीत वेगळी होती. मोहाखाली खुर्ची टाकून डॉक्टर बसत, शेजारी स्टुलावर फॉर्म घेऊन मी. दसरूभाऊ आत एकटा. तो खिडकीतून ओरडून सांगे, डॉक्टर मला सांगत, मी लिहीत असे. आत जाऊन पाहणारा डॉक्टर मी पहिल्या दहा वर्षांत पाहिला नाही.

ठेंगणा, रुंद खांद्यांचा, सदऱ्याचं गळ्याचं बटणही लावणारा माणूस. काम चालू असताना तंबाखूला हात लावायचा नाही. प्रेताशी बोलायचा. "आता इथून चिरून राह्यलो हं, भाऊ. जरासाक वेळ लागन." बाई असली तर "बाई" म्हणायचा आणि जेवढं उघडं करावं लागे तेवढंच करायचा, बाकी अंगावर चादर. दाभणानं टाके घालायचा ते इतके सारखे, की नातेवाईक रडता रडता टाक्यांकडे बघत राहायचे. काम झालं की कोपरापर्यंत तीनदा साबण, बोटांच्या बेचक्या घासून घासून, आणि शेवटी लिंबाची फोड. तरी त्याच्या हातचं पाणी रुग्णालयात कोणी घेत नसे. मला त्याचा राग यायचा. त्याला यायचा नाही. "जित्या माणसाले भेव वाटते, बाबू," म्हणायचा, "मेलेला कधी काई म्हणत नाई."

शाळा चौथीपर्यंत. पण हृदयाबद्दल बोलायला लागला की मी फाइल मिटून ठेवायचो. तो दिल म्हणायचा.

"मूठ बंद करा, बाबू. तेवढंच असते दिल. ज्याची मूठ, त्याच्याएवढं. चार खोल्या. दोन वर, दोन खाली. उजवीकडची भिंत पातळ, कारण तिले रक्त शेजारी फेफड्यातच धाडाचं आहे. डावीकडची भिंत पाहा, तिपटीनं जाड. तिले पायाच्या अंगठ्यापर्यंत धाडाचं आहे न!" वरच्या आणि खालच्या खोलीमध्ये दरवाजा. उजव्या दरवाजाला तीन पाकळ्या, डाव्याला दोन. पाकळ्या उलट्या फिरू नयेत म्हणून खालून दोऱ्यांनी बांधलेल्या, आणि त्या दोऱ्या बाजेच्या सुतळीसारख्या ताणलेल्या. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. हातानं कळलं होतं. दरवाजा ठीक आहे की नाही हे तो बोटं घालून बघायचा. उजव्यातून तीन बोटं गेली पाहिजेत, डाव्यातून दोन. पुढं एका डॉक्टरनं सांगितलं की मोठमोठ्या कॉलेजांतही असंच मोजतात, तेव्हा दसरूभाऊ नुसता "मंग?" म्हणाला.

हा नाद त्याला बाजारातही सुटायचा नाही. मंगळवारी मटणवाल्याच्या पाटावर बकऱ्याचं दिल दिसलं की हा बोट घालणार. मटणवाला वैतागून ओरडायचा, "दसरूभाऊ, गिऱ्हाईक पाहून राह्यलं न बापा! कोण घेईन मंग ते?" दसरूभाऊ शांतपणे म्हणायचा, "चांगलं होतं बिचाऱ्याचं. अजून दहा वर्षं जगला असता." दोन गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरायची.

आता साहेब. त्यांचं नाव लिहायला माझे हात शिवशिवतायत, पण दसरूभाऊनं शपथ घातलीय. आम्ही त्यांना आपसांत ‘अडीचशे’ म्हणायचो. फॉर्मवर हृदयाचं वजन लिहायचा रकाना असे. वजनकाटा खोक्यात बांधलेलाच होता. म्हातारा असो, बाळंतीण असो, सहा फुटी ट्रक ड्रायव्हर असो, साहेब घड्याळाकडे बघत म्हणत, "हृदय सामान्य. वजन अडीचशे ग्रॅम." एकदा आठ वर्षांच्या पोराचंही त्यांनी अडीचशे सांगितलं आणि मीही लिहिलं. माझ्या पापाची सुरुवात तिथूनच धरायला हवी.

चैती दसरूभाऊची धाकटी बहीण. एकोणीस-वीस वर्षांची, हसली की तोंडावर हात ठेवणारी. सायकलच्या कॅरिअरवर बसवून तो तिला तीनदा ओपीडीत घेऊन आला. चार पावलं चाललं की धाप, पाय सुजलेले, आडवं पडलं की खोकला. तिन्ही वेळा साहेबांनी टेबलापलीकडूनच तिच्याकडे पाहिलं. "रक्त कमी आहे. या पोरींना खायला नको." लाल गोळ्या लिहून दिल्या. स्टेथोस्कोप तिन्ही वेळा साहेबांच्या गळ्यातच होता. तो चैतीच्या छातीला लागला नाही.

मे महिन्यात फळीवर, म्हणजे तेंदूपानं जमा करतात तिथं, पानांचे पुडे मांडता मांडता ती कोसळली. बैलगाडीतून आणली तेव्हा संपलेली होती. पोलिसांनी पोस्टमार्टेम सांगितलं. मी साहेबांना म्हणालो, "सख्खी बहीण आहे त्याची. आरमोरीहून दुसरा माणूस बोलावतो, दोन तासांत येईल."

साहेब म्हणाले, "मला दुपारी चंद्रपूरला लग्नाला पोचायचंय. त्यालाच करू द्या. त्याला काय, सवय आहे."

हे वाक्य मी शब्दशः लिहिलंय. मरेपर्यंत विसरणार नाही, आणि त्यांनाही विसरू देणार नाही.

आतून दसरूभाऊचा आवाज आला. "आता इथून चिरून राह्यलो हं, बाई." मग खिडकीच्या गजांशी त्याचा चेहरा आला.

"साहेब, पाहा न. डावा दरवाजा जाम आहे. दोन बोटं जाऊ द्या, करंगळीबी जाऊन नाई राह्यली. मासोळीच्या तोंडासारखा झाला."

साहेब मला म्हणाले, "लिहा. हृदय सामान्य. वजन अडीचशे."

"साहेब, एक बार पाहून घ्या न. मी हातात धरून आहो."

"मृत्यूचं कारण उष्माघात. लिहा हो, बघताय काय?"

मी लिहिलं. पेन माझं, अक्षर माझं. साहेबांनी सही केली आणि जीप लग्नाला गेली. हा नुसता आळस नव्हता, हे कळायला मला दोन दिवस लागले. हृदय खराब होतं असं लिहिलं असतं, तर ओपीडीचे तीन कागद विचारणार होते की मग तुम्ही ऐकलं का नाही. दसरूभाऊला ते त्याच क्षणी कळलं होतं.

त्यानं चैतीला टाके घातले आणि गावी नेऊन मातीत दिलं. दिल मात्र दिलं नाही. ते त्यानं औषधाच्या बरणीत घातलं आणि चीरघरात चुन्याच्या पोत्यांमागं ठेवलं. मला दाखवलं तेव्हा मी घाबरलो. म्हणालो, "दसरूभाऊ, हा गुन्हा आहे."

"होय," तो म्हणाला. "एक दिवस साहेबाले हे हातात धराले लावतो. त्याचं बोट त्या दरवाजात घालतो. मंग नेतो घरी."

त्यानं आईपासून लपवलं नाही. त्यांच्याकडे माणूस मातीत दिल्यावर पुढं केव्हातरी त्याच्या नावानं दगड उभा करतात. आईनं दगडाला साफ नकार दिला. पोर अजून पुरी आली नाही, म्हणाली. पुरी आली की दगड. सणावाराला दसरूभाऊ गावी गेला की ती फक्त त्याच्या हातांकडे बघायची. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हात मागं धरले होते.

साहेबांची वर्षभरात बदली झाली आणि ते चढत गेले. इकडं दसरूभाऊ बदलला. नवे डॉक्टर यायचे, कॉलेजातून नुकते सुटलेले. मोहाखालच्या खुर्चीवर कोणी बसायला गेलं की हा खुर्चीच आत न्यायचा. "इथी बसा, साहेब. सावली आहे." दिल बाहेर काढलं की टाके घालायचं थांबवून उभा राहायचा. "बोट घाला. कागदावर दिल नाई भेटत." डॉक्टर दोन्ही दरवाजे हातानं बघेपर्यंत दाभणात दोरा घालायचा नाही. नातेवाईक बाहेर खोळंबायचे, पोलीस बोंबलायचे, हा ढिम्म. एक डॉक्टरीण पहिल्या दिवशी ओकली. यानं तिला पाणी दिलं, लिंबाची फोड दिली आणि म्हणाला, "झालं न, म्याडम? आता घाला बोट." पुढं तिनंच ओपीडीत एका आश्रमशाळेच्या पोरीच्या छातीला नळी लावून अडलेल्या दरवाजाचा आवाज पकडला आणि तिला वेळेवर नागपूरला पाठवली. पोरगी परत आली तेव्हा दसरूभाऊ ओपीडीच्या दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. मला वाटलं, निवळला आता. मी म्हणालो, "भाऊ, झालं की. आता चैतीला घरी न्या."

"हे त्या पोरीचं झालं," तो म्हणाला. "चैतीचं कुठी झालं?"

चौदाव्या वर्षी, दसरूभाऊची नोकरी संपायला काही महिने उरले असताना, साहेब आले. मोठ्या हुद्द्यावरून तपासणीला. पोट सुटलेलं, मागं डायरी धरणारा माणूस. तीन नवे डॉक्टर, ती डॉक्टरीण आणि नर्सबाया अशी मिरवणूक चीरघरापर्यंत आली. दसरूभाऊ दारात उभा होता. साहेबांनी त्याला ओळखलं नाही. ही एक गोष्ट मी त्यांना कधी माफ करणार नाही. बाकीच्याही करणार नाहीच.

"साहेब," दसरूभाऊ म्हणाला, "एक नमुना आहे. तुमी मोठे डॉक्टर. या नव्या लोकाईले समजावून सांगा न."

साहेब खूश झाले. हातमोजे चढवले. दसरूभाऊनं बरणीतून दिल काढून त्यांच्या तळव्यावर ठेवलं. माझ्या काखेत चैतीची फाइल होती.

"वा! काय स्पेसिमेन आहे!" साहेब रंगात आले. "ही डावी वरची खोली बघा, केवढी फुगलीय. पुढची वाट बंद, रक्त तुंबणारच. आता झडप. निरोगी माणसात इथून दोन बोटं जातात. इथं बघा, करंगळीसुद्धा नाही. अगदी माशाचं तोंड. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, त्याच्यातून हे होतं. धाप, पायाला सूज, रात्री खोकला. आणि सांगतो, छातीला स्टेथोस्कोप लावला की शिकाऊ पोरालाही हे ऐकू येतं. ज्यानं ही केस हुकवली ना, त्याची डिग्री काढून घेतली पाहिजे."

"कोणं हुकवली, ते बाबू वाचून दाखवतेत," दसरूभाऊ म्हणाला.

मी फाइल उघडली. "नाव चैती उसेंडी. स्त्री. हृदय सामान्य. वजन अडीचशे ग्रॅम. मृत्यूचं कारण उष्माघात."

"सही कोणाची आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पुढच्याला दिला, त्यानं त्याच्या पुढच्याला. साहेबांच्या हातात चैतीचं दिल तसंच होतं, आणि ते कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. मला इतका आनंद आयुष्यात थोड्याच वेळा झाला आहे. लाज वाटत नाही सांगायला.

मग साहेबांचा आवाज परत आला. अवयव चोरून ठेवणं हा गुन्हा आहे, तुला घरी बसवतो, आत्ता लिहून देतो, असं बरंच काही.

"लिवा न, साहेब," दसरूभाऊ म्हणाला. "फक्त या खेपेले पाहून लिवा."

साहेबांनी लिहिलं. दसरूभाऊ निलंबित. बरणी लिपिकाच्या ताब्यात, कपाटात कुलूपबंद. तिसऱ्या दिवशी स्वतः साहेबांच्या समक्ष रुग्णालयामागच्या कचऱ्याच्या खोल खड्ड्यात नमुना नष्ट करायचा. म्हणजे जिथं कापूस, सुया आणि सडलेल्या पट्ट्या जातात तिथं चैतीचं दिल. हा त्यांचा सूड.

दसरूभाऊ माझ्या खोलीत आला आणि फरशीवर बसला. चैतीला चिरतानाही न मोडलेला माणूस. "बाबू," म्हणाला, "माय वाट पाहून राह्यली. तिले काय सांगू? साहेबाले दाखवलं, आन् मंग घुऱ्यात टाकलं म्हणू?"

कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी बाजारात गेलो आणि मटणवाल्याकडे बकऱ्याचं दिल मागितलं. तो म्हणाला, "दसरूभाऊ नाई आला? बोट कोण घालीन मंग?" मी म्हणालो, "आता मी शिकलो." त्या दिवशी बरणीतलं दिल बदललं. बकऱ्याचं ते, निम्म्याएवढं, टोकदार, वरून चरबी. शेंबड्या पोरालाही फरक कळला असता. दसरूभाऊनं बरणीकडे पाहिलं. "बाबू, बरणी उघडून पाह्यलं त तुमीबी जासान."

"पाहतील का?" मी विचारलं.

त्यानं बरणीचं झाकण घट्ट बसवलं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. जीपमधून उतरून सरळ मोहाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले, नाकाला रुमाल लावून. खड्डा तिथून वीस पावलांवर. दसरूभाऊनं माझ्याकडून बरणी घेतली आणि ती दोन्ही हातांत धरून त्यांच्यासमोर गेला. मला वाटलं, हा वेडा झाला.

"साहेब," तो म्हणाला, "टाकाच्या पह्यले एक बार पाहून घ्या."

"टाक," साहेब रुमालाआडून म्हणाले.

"पाहा न, साहेब. झाकण काढतो."

"टाक म्हटलं ना! आणि तुम्ही लिहा हो लवकर, कुठं सही करायची?"

मी लिहीत होतो. मानवी हृदय, नग एक, समक्ष नष्ट केले. मग मलाही राहवलं नाही. अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं, "वजन काय लिहू, साहेब?"

"काहीही लिहा. अडीचशे लिहा."

मी अडीचशे लिहिलं, दसरूभाऊनं बरणी खड्ड्यात रिकामी केली आणि त्यांनी खाली सही केली. तो कागद रुग्णालयाच्या फाइलीत आजही आहे. त्यांनी एक बकरं माणूस म्हणून पुरलंय, स्वतःच्या सहीनं.

रविवारी मी दसरूभाऊच्या गावी गेलो. त्यानं औषधाचा वास जावा म्हणून दिल दोन दिवस पाण्यात ठेवलं होतं, पाणी बदलत. मोहाच्या पानांत गुंडाळून आईच्या ओंजळीत दिलं. म्हातारीला आता नीट दिसत नव्हतं. तिनं पानं बाजूला करून बोटांनी चाचपलं, शेजारी स्वतःची मूठ धरून पाहिली. मग चैतीच्या मातीत हातभर खड्ड्यात ते आपल्या हातानं ठेवलं. चार भावकीतल्या माणसांनी दगड उभा केला. दगड बसल्यावर ती गोंडीत दसरूभाऊला काहीतरी म्हणाली. तो खाली बघतच दोन शब्द बोलला.

नंतर मी विचारलं, आई काय म्हणाली?

"एवढा उशीर काऊन केला, म्हणे."

"तुम्ही काय सांगितलं?"

"साहेब येऊन नव्हता राह्यला, म्हटलं."

आपलं चुकलं का, हे त्यानं मला विचारलं नाही. बहिणीला चौदा वर्षं बरणीत ठेवणाऱ्या भावाला काय म्हणायचं? त्या म्हातारीचे डोळे त्या चौदा वर्षांत गेले, हे दोघांनाही दिसत होतं. हिशेबात मी तेही साहेबांच्याच नावावर टाकतो.

मला सडकेपर्यंत सोडायला तो सायकल हातात धरून आला. बस दिसली तेव्हा थांबला.

"बाबू, मी त्याले म्हटलं होतं न, पाहा म्हणून?"

"म्हटलं होतं, दसरूभाऊ."

"दोन्ही बार म्हटलं."

"दोन्ही वेळा."

त्यानं मान हलवली, सायकलवर टांग टाकली आणि रानाच्या वाटेनं गेला. गळ्याचं बटण तेवढं त्या दिवशी उघडं होतं.